पाणी किती वाजता प्यायलात?

आमच्या बोळाला सेल्फी पॉइंट मंजूर झाला, त्याच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नंतर पेठेत याबद्दल बरंच काही बोललं गेलं म्हणून.

सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात माझं दुकान आहे. 'प्रियदर्शनी मॅचिंग सेंटर'. नाव माझंच. अस्तर, फॉल, लेस, बटणं आणि ब्लाउजपीसच्या एकशे चाळीस छटा. दुकानाची रुंदी अशी की एका वेळी एकतर मी आत मावते नाहीतर माल. आम्ही दोघं चौदा वर्षं एकमेकांना सांभाळून घेतोय. गिऱ्हाइकाने साडी समोर धरली की मी मागे न बघता हात घालून नेमका तोच रामा रंग काढते. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. मी अचूकपणाची बाई आहे, एवढं लक्षात असू द्या, कारण पुढे माझ्यावर फार प्रसंग आले.

फेब्रुवारीत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक पोस्टर लागलं. 'तुमचं मत, शहराची दिशा.' खाली ते काळे-पांढरे चौकोन. मोबाइलने स्कॅन करा, आपल्या भागाला काय हवं ते भरा, यंदाची कामं नागरिकांनी दिलेल्या माहितीवरूनच ठरतील. मला हे फार आवडलं. मी लगेच फॉर्म उघडला. तेवीस प्रश्न होते. एकोणिसाव्या प्रश्नाला एक बाई फॉल मागायला आल्या, तो कापून देईपर्यंत फॉर्मची वेळ संपली. दुसऱ्यांदा त्याने प्रभाग क्रमांक विचारला. तो बोळात कुणालाच माहीत नव्हता. प्रत्येकाने वेगळा सांगितला आणि प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता. तिसऱ्यांदा मी 'आपल्या भागाची सर्वांत मोठी गरज' या प्रश्नापर्यंत पोचले.

आता खरं सांगते. मला लिहायचं होतं, बायकांसाठी स्वच्छतागृह. पण शेजारचे अजिनाथभाऊ घड्याळवाले काउंटरवर वाकून मोबाइलमध्ये बघत होते. त्यांच्यादेखत तो शब्द टाइप करणं मला जमेना. मी लिहिलं, 'बायकांची सोय.' आणि पाठवून दिलं.

मार्चमध्ये निकाल आला. आमच्या बोळाला सेल्फी पॉइंट! रंगीत अक्षरं, दिवे, मागे पंखांचं चित्र.

मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून रंगीत आलेख दाखवला. आमच्या बोळातून सोळा उत्तरं आली होती. त्यातली अकरा सेल्फी पॉइंटची.

"आणि बायकांची सोय?" मी विचारलं.

"ते आम्ही बाकड्यात धरलं. सेल्फी पॉइंटला एक बाकडं देतोय."

मी त्यांना खरा अर्थ सांगितला. ते गोरेमोरे झाले, मग सावरून म्हणाले, "मॅडम, आम्ही डेटाप्रमाणे चालतो. तुमच्याकडे वेगळा डेटा असेल तर तीस एप्रिलपर्यंत आणा. फक्त एक विनंती. भावना नकोत, आकडे हवेत."

भावना नकोत! जिने चौदा वर्षांत मोरपंखीच्या जागी कधी रामा दिला नाही, तिला हे ऐकावं लागलं. मी बाहेर पडले आणि थेट अजिनाथभाऊंना गाठलं, कारण ती अकरा उत्तरं कुणाची असतील हे मला आलेख न बघताही कळलं असतं. ते मुळीच लाजले नाहीत. सेल्फीला गर्दी थांबली की घड्याळं खपतील, एवढा त्यांचा हिशेब. स्वतःचा फोन, बायकोचा, दोन पोरांचा, मेव्हण्याचा, असं करत दुधनीच्या भावापर्यंत गेले होते.

"दुधनीचा भाऊ आपल्या बोळाचा नागरिक कसा काय?"

"दिवाळीला खरेदीला येतो की!" अजिनाथभाऊ म्हणाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट असती तर मीही नेली असती. पण आमच्याच बोळातल्या एका साडीच्या दुकानात रेश्मा काम करते. अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई, दिवसाचे दहा तास उभी. वर्षभरात तिला तीनदा लघवीचा संसर्ग झाला आणि गेल्या एप्रिलमध्ये ती माझ्या काउंटरसमोर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. ती मला म्हणाली, "ताई, पाणी पिऊन जाऊ कुठं?" बोळापासून सर्वांत जवळची सोय गाठायला रिक्षा लागते आणि तिथं पोचलं की दाराला कुलूप असतं. तेव्हा सेल्फी पॉइंटचं मला हसू येत नव्हतं.

घरी नंदीशना सांगितलं. नंदीश म्हणजे माझे यजमान, शाळेत हेडक्लार्क आहेत. ते ताटावरची नजर न काढता म्हणाले, "प्रिया, तू काहीही मोज. झाडं मोज, खड्डे मोज. हे मोजू नकोस. लोक काय म्हणतील, बिराजदारांची बायको पेठेत उभी राहून काय विचारते?"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन पेठेत उभी राहिले.

पहिल्या बाईंनी माझ्या दुकानाच्या दारातच 'पेठेत स्वच्छतागृहावाचून त्रास होतो का?' हा प्रश्न ऐकला, "मला कसला त्रास नाही" म्हणाल्या आणि मोजून ठेवलेली लेस न घेताच गेल्या. दुसरीला वाटलं मी आरोग्य विमा विकते. तिसरीने माझ्याकडे दयेने बघून विचारलं, "तुमाला काय होतंय का बाई?" दोन दिवसांत चार उत्तरं झाली, त्यातलं एक माझंच.

मग मला बटणं सुचली. बोलायची लाज वाटते ना, मग बोलूच नका! मी काउंटरवर तीन बरण्या ठेवल्या आणि शेजारी बटणांची परात. घरी परत जावं लागलं असेल तर लाल बटण, तसंच थांबून राहिलात तर पांढरं, ओळखीच्या घरी गेलात तर निळं. बरणीवर बारीक अक्षरात चिठ्ठी. बायका चिठ्ठी वाचायच्या, इकडेतिकडे बघायच्या, टचकन बटण टाकून जायच्या. तीन दिवस असं सुरेख चाललं की मला ऑफिसातल्या त्या साहेबांची कीव यायला लागली.

चौथ्या दिवशी पुरुष यायला लागले.

एका रिक्षावाल्याने मूठभर बटणं तिन्ही बरण्यांत सारखी वाटून टाकली. एक गृहस्थ घरून बटणं घेऊन आले. त्यात शेरवानीचं एक सोनेरी होतं. मी चिठ्ठीकडे बोट दाखवेपर्यंत ते गर्दीत दिसेनासे व्हायचे. संध्याकाळी सहाला दुकानासमोर ही गर्दी आणि एकच आरडाओरडा, "सोडत कधी?"

"कसली सोडत?"

"चादरीची! लकी ड्रॉ आहे ना?"

मी अजिनाथभाऊंकडे बघितलं. ते घड्याळात सेल घालण्यात गढून गेले होते. मागाहून त्यांनी खुलासा केला, "सारखं विचारत होते हो, बरण्या कसल्या? आता मी पुरुषमाणूस, बायकांच्या गोष्टी कशा बोलणार? म्हणून आपलं सांगितलं, लकी ड्रॉ. सोलापुरी चादर." मंद्रूपहून एक जोडपं खास बस पकडून आलं होतं. त्यांची समजूत घालता घालता त्यांना एक ब्लाउजपीस देऊन टाकला. त्या बाईंनी माझ्याकडचा नेमका सर्वांत भारी खण उचलला. नजर होती हो बाईंना.

घरी परातीत बटणं ओतली. दोन हजार नऊशे चौदा. एव्हाना नंदीशना आकड्यांची गोडी लागली होती. ते म्हणाले, "दणदणीत आहे की! देऊन टाक असाच. साहेब काय एकेक बटण विचारणार आहे?"

मी त्या ढिगाकडे बघत बसले. देता आलं असतं. पण त्यात रेश्माचं बटण कुठलं आणि रिक्षावाल्याचं कुठलं? अजिनाथभाऊंनी दुधनीच्या भावाचा फोन वापरला आणि मी शेरवानीचं बटण चालवणार, मग आमच्यात फरक तो काय राहिला? मी सगळी बटणं रंगांप्रमाणे निवडून डब्यांत परत भरली. नंदीश आधी चिडले आणि मग निवडायला बसले. त्यांना मरून आणि लाल यातला फरक कळत नाही हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मला कळलं.

मुदतीला आता आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेश्मा फॉल न्यायला आली. उन्हाने पेठ भाजून निघत होती. तिचे ओठ सुकलेले होते. मी ग्लास पुढे केला, तिने तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"आज पाणी किती वाजता प्यायलीस?" मी जरा रागावूनच विचारलं.

"सकाळी आठला. आता घरी गेल्यावर."

बसची वेळ सांगावी तशी तिने सांगितलं. ना लाज, ना संकोच. हाच प्रश्न! जे विचारायला मी वह्या आणि बरण्या घेऊन फिरत होते ते विचारायची गरजच नव्हती. पाण्याबद्दल विचारलं तर कुठल्या बाईला लाज वाटणार?

मी शेडकार्डांचे पुठ्ठे कापले आणि दोन प्रश्न लिहिले. पाणी किती वाजता प्यायलात? अगदीच वेळ आली तर कुठे जाता? आणि मग माझं दुकान ओसंडून वाहायला लागलं. ज्या बायका तोंड फिरवून गेल्या होत्या त्या उभ्या राहून सांगायला लागल्या. बुरख्यातली एक गिऱ्हाईक म्हणाली, "सुबू सात बजे पी थी बाजी, अब घर जाकोच पिऊंगी." फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, उन्हाळ्यात त्या जेवणातलं मीठसुद्धा कमी करतात, तहान लागू नये म्हणून. गरोदर पोर घेऊन आलेली आई म्हणाली, "पेठेत यायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून हिशेब करावा लागतो." रेश्माने साड्यांच्या दुकानांतून एकटीने दीडशे कार्डं भरून आणली. नंदीश रोज संध्याकाळी कार्डं लावायला बसायचे. लोक काय म्हणतील हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट एका कार्डावर वेळ घातली नव्हती म्हणून मलाच बोलले.

चारशे बारा बायका. त्यातल्या दोनशे नव्वद सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता पेठेत वावरत होत्या.

दुसऱ्या प्रश्नात मात्र वेगळंच निघालं. एकशे अठरा जणींचं उत्तर एकच, 'केराबाईकडे.' मी चौदा वर्षं त्या बोळात बसते आणि केराबाई कोण हे मला माहीत नव्हतं! रेश्माला विचारलं तर ती म्हणाली, "मागच्या घरातली म्हातारी, ताई. तुमचं घर जवळ, तुम्ही दुपारी जेवायला जाता, तुम्हाला कसं माहीत असणार?" तो टोमणा नव्हता, तरी लागला.

बोळ संपतो तिथं आत दोन खोल्यांचं घर. उंबऱ्यावर सत्तरीची म्हातारी शेंगा फोडत बसलेली. मला बघून मानेनेच मागे खूण केली. "जावा की. बारदीत पानी हाय. कडी वरची लावा, खालची मोडल्या."

"आजी, मी त्यासाठी नाही आले."

"समद्या असंच म्हंत्यात. मग जात्यात."

खोटं कशाला बोलू, गेले. बाहेर आल्यावर तिच्याजवळ बसून विचारलं, "रोज किती जणी येतात?"

"चाळीस येत्यात, पन्नास येत्यात. सनासुदीला मोजत न्हाय."

"आणि एवढं पाणी?"

"नळ येतो तवा भरून ठिवते. बाईमानूस दारात येऊन हुबी ऱ्हाती, तिला न्हाय कसं म्हनू?"

अख्ख्या बाजाराची सोय एका म्हातारीच्या कळशीवर चालली होती आणि याची नोंद कुठल्याही आलेखात नव्हती.

अठ्ठावीस तारखेला मी आणि नंदीश ऑफिसात गेलो. नंदीशनी तक्ता असा केला होता की शाळेच्या इतिहासात तसा झाला नसेल. साहेब बराच वेळ वाचत होते. मी त्यांना बरण्यांची हकीकतही सांगितली, शेरवानीच्या बटणासकट. ते आधी मोठ्याने हसले. मग म्हणाले, "मॅडम, टाकून दिलेला डेटा आजवर मला कुणी सांगितला नव्हता."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या क्लार्कबाईंनी टाइप करणं थांबवलं. "सर, माझं पण एक कार्ड घ्या त्यात. सकाळी साडेसात."

"तुमचं? इथं तर आहे ना सोय?"

"आहे सर. चावी स्टोअरला असते आणि स्टोअरकीपर फिरतीवर असतात."

साहेब खाली मान घालून पुन्हा तक्ता वाचायला लागले. आता त्यांनाच आकडे पुरेनात, भावना दिसायला लागल्या असाव्यात. त्यांनी सेल्फी पॉइंट रद्द करून ते काम इकडे वळवायचं कबूल केलं. जागाही कार्डांनीच दाखवली होती. केराबाईच्या घराजवळ जुन्या जकातीची एक बंद खोली पडून होती. फक्त एक अट होती, आसपासच्या दुकानदारांची लेखी संमती हवी.

आणि इथं माझ्या प्रतिष्ठेचे जे काय शिल्लक होते ते धिंडवडे निघाले. स्वच्छतागृह सगळ्यांना हवं होतं, दुसऱ्याच्या दारात. अजिनाथभाऊ म्हणाले, "घड्याळं नाजूक असतात हो." ती खोली बरोब्बर संगप्पांच्या साडीच्या दुकानासमोर येत होती, म्हणजे जिथं रेश्मा काम करते तिथंच. संगप्पा अक्कलकोटकडचे, बोलायला लोण्यासारखे. हात जोडून म्हणाले, "अक्का, हे फार पुण्याचं काम बघा. म्हणूनच म्हणतो, हे पुण्य दुसऱ्या कुणाला तरी मिळू द्या."

तीन फेऱ्या मारल्या. तीन वेळा चहा मिळाला, सही मिळाली नाही. चौथ्यांदा जायच्या आधी मी रेश्माला नवीन कार्ड दिलं. लग्नाचा बस्ता काढायला खेडोपाड्यांहून माणसं येतात ती किती वेळ बसतात आणि कशामुळे उठतात, तेवढंच लिहायचं. चार दिवसांत सात बस्ते आले. पाच अर्ध्यातून उठले. नवरीची मावशी कुजबुजायची, आत्या उठायची, तिच्यामागे सगळ्या उठायच्या. "येतो मागनं" म्हणून गेलेलं कुणी परत आलं नाही.

संगप्पांनी ते कार्ड उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता गादीवर बसले.

"पाच?"

"पाच. रेश्माने त्यांना विचारून लिहिलंय."

"माझे रंग आवडेनात असं समजत होतो मी!" संगप्पांनी कपाळावर हात मारला. "दोन वर्षं झाली अक्का, सुरतेला जाऊन रंग बदलून आणतोय. पिस्ता आणला, कांदा आणला, झोप लागत नव्हती. बायकोला म्हटलं, माझी नजर गेली. आणि ह्या बाया... अय्यो देवा!" मग त्यांनी रेश्माकडे बघितलं. तिच्याकडे त्यांनी त्या दृष्टीने कधी बघितलंच नव्हतं. "तू पण सकाळी आठला पितेस?" तिने मान हलवली. त्यांनी सही केली. कागद फाटेल इतकी जोरात केली.

त्यानंतर माझं काही कामच उरलं नाही. संगप्पांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि एका दिवसात बावीस सह्या गोळा केल्या. "माझ्या दारात होतंय, तुमचं काय जातंय?" असा त्यांचा सवाल. अजिनाथभाऊ तरीही घड्याळांच्या नाजूकपणावर बोलत होते. मागून त्यांच्या बायकोने त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, आधी स्वतःची सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

सप्टेंबरात बांधकाम पूर्ण झालं. चार खोल्या, वर पाण्याची टाकी, देखरेखीला बाई, बाळाला पाजायला कोपरा. दारावर संगमरवरी पाटी. मी गर्दीतून वाट काढत ती वाचायला गेले. 'संकल्पना : श्री. प्रियदर्शन बिराजदार.' लोक येऊन नंदीशजवळ त्यांच्या भावाचं कौतुक करत होते. नंदीशना भाऊ नाही. साहेबांनी पेंटर बोलावला. त्याने 'श्री'चं 'सौ' केलं आणि शेवटच्या 'न'ला एक वेलांटी कोंबली. माझ्या स्वतःच्या दुकानात मी जशी मावते तशीच ती पाटीत मावली.

उद्घाटन अकराला होतं. प्रमुख पाहुणे साडेबारापर्यंत आले नाहीत. फीत ताणलेली, माइक चाचणी चाललेली, शंभरएक बायका उन्हात उभ्या. रेश्माने त्या दिवशी आनंदाच्या भरात सकाळपासून दोन बाटल्या पाणी रिचवलं होतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मी काही पाहुण्यांसाठी थांबू शकत नाही." मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी आकाशाकडे बघितलं. रेश्मा फितीखालून वाकून आत गेली. तिच्यामागे फुलवाल्या मावशी वाकल्या. मग ऑफिसच्या क्लार्कबाई. मग अजिनाथभाऊंची बायको. पाहुणे आले तेव्हा फीत जागच्या जागी होती आणि पन्नास जणींचं उद्घाटन करून झालं होतं. बाहेर येणारी प्रत्येकजण हसत होती आणि संगप्पा दारात उभे राहून सगळ्यांना बशी भरभरून पेढे वाटत होते.

केराबाई सर्वांत शेवटी आली. नवं लुगडं, काखेत पिशवी. तिने चारी दारं उघडून बघितली, नळ सोडून बघितले, कड्या वर-खाली लावून बघितल्या. "पक्क्या हायत," म्हणाली.

मग घराकडे गेली. आम्ही बघत होतो. तिने दार ओढलं आणि पिशवीतून कोरं कुलूप काढून लावलं.

"आजी, कुठं निघालात?" मी पळत जाऊन विचारलं.

"दुधनीला. लेकीकडं." तिने कुलूप दोनदा ओढून बघितलं. "नातीला पोरगं झालंय, चालाय लागलंय म्हंत्यात. आजून बघितलं न्हाय. अकरा वरसं झाली, मुक्कामाला गेलेच न्हाय कुटं. दाराला कुलूप बघून एकांदी बाई माघारी गेली असती की."

संगप्पांनी रिक्षा थांबवली, स्टँडपर्यंत सोडायला स्वतः पुढे बसले. मी पिशवी आत ठेवली आणि विचारलं, "परत कधी येणार?"

केराबाई ऐसपैस मागे रेलून बसली. "बघू की," ती म्हणाली. "आता कशाची घाई हाय?"